स्थिर वीज आणि कारखान्याची फरशी

फरशी, मार्बल, रंगकाम आणि इलेक्ट्रिक फिटिंग या धंद्यांत आपले बरेच वाचक आहेत. घरांची व दुकानांची कामे करणारा कारागीर एखाद्या दिवशी एम.आय.डी.सी.तल्या कारखान्याचे काम घेतो आणि वर्क ऑर्डरवर त्याला एक अनोळखी ओळ दिसते : 'कंडक्टिव्ह फ्लोअरिंग' किंवा 'ई.एस.डी. फ्लोअरिंग'. दर नेहमीपेक्षा चांगला असतो. शेवटी टाइल ती टाइल, असे मनाशी म्हणून तो काम उरकतो. लेव्हल सरळ, सांधे बारीक, चकाकी उत्तम. मग कंपनीचा माणूस एक मीटर व दोन वजने घेऊन येतो, फरशीवर ठेवतो, आकडा पाहतो आणि बिल अडवून ठेवतो. या फरशीची किंमत डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर ठरत नाही. ती आतून वीज किती वाहते यावर ठरते. म्हणून हे काम हाती घेण्यापूर्वी त्यामागचे शास्त्र थोडे समजून घेतले पाहिजे.

हिवाळ्यात नायलॉनचा स्वेटर काढताना होणारी तडतड सर्वांना माहीत आहे. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना चिकटून दूर झाले की एकावरचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. पदार्थ विजेचे वाहक असतील तर हा भार लगेच निघून जातो. प्लॅस्टिक, रबर, पॉलिस्टर, काच यांच्यावर तो अडकून बसतो. यालाच स्थिर वीज म्हणतात. चालणाऱ्या माणसाच्या बुटाचा तळ प्रत्येक पावलाला फरशीला चिकटतो व सुटतो. प्रत्येक पावलाबरोबर त्याच्या अंगावर थोडा भार चढत जातो आणि रबरी तळामुळे तो जमिनीत उतरत नाही. माणूस म्हणजे त्या वेळी चालताबोलता कंडेन्सर झालेला असतो.

हा भार किती चढतो? अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८० साली काढलेल्या एका पुस्तिकेतील आकडे आजही या विषयात सांगितले जातात. हवेत दमटपणा १० ते २० टक्के असेल तर गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत आणि विनाइलच्या साध्या फरशीवरून चालणाऱ्याच्या अंगावर १२,००० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. दमटपणा ६५ ते ९० टक्के असेल तर हेच आकडे १,५०० आणि २५० वर येतात. दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्यावरून भार निघून जातो. म्हणूनच चिपळूण-महाडकडे पावसाळ्यात जो त्रास कोणाला ठाऊकही नसतो तो मराठवाड्यात किंवा नागपूरकडे कोरड्या दिवसांत रोज जाणवतो. आणखी एक गोष्ट आहे. कारखान्यात एअरकंडिशनर चालू असेल तर बाहेर कितीही पाऊस असो, आतली हवा कोरडी असते. कोकणातल्या ठेकेदाराने आपल्याकडे दमट हवा आहे या भरवशावर राहू नये.

इतक्या व्होल्टने माणूस मरत कसा नाही, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. माणसाच्या शरीराची भार साठवण्याची क्षमता फार लहान, साधारण १०० ते २०० पिकोफॅरड असते. दाब मोठा, पण साठा चिमूटभर. १५० पिकोफॅरड व १०,००० व्होल्ट धरले तर ऊर्जा होते साडेसात मिलिज्यूल. एवढ्याने बोटाला चटका बसतो, जिवाला काही होत नाही.

माणसाला होत नाही, पण इतर गोष्टींना होते. रंगाच्या थिनरमध्ये असणाऱ्या टोल्युइनची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असेल तर ती पेटवायला सुमारे ०.२४ मिलिज्यूल पुरतात. हायड्रोजनला ०.०२ पुरतात. म्हणजे १०,००० व्होल्ट अंगावर घेऊन फिरणाऱ्या कामगाराने ड्रमच्या नळाला हात लावला, तर त्या ठिणगीत टोल्युइन पेटवण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या तीसपट ऊर्जा असते. याहून धोक्याची बाब पुढे आहे. साधारण ३,००० व्होल्टच्या खाली माणसाला स्थिर विजेचा चटका जाणवतच नाही. पण ३,००० व्होल्टला याच हिशेबाने ०.६८ मिलिज्यूल ऊर्जा होते. ती टोल्युइनसाठी पुरेशीच आहे. कामगाराला काही कळले नाही, आणि वाफ पेटली, असे होऊ शकते. लोटे-परशुराम, महाड, तारापूर या पट्ट्यांत सॉल्व्हंट हाताळणारे आपले जे बांधव आहेत त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

दुसरे नुकसान इलेक्ट्रॉनिक मालाचे. आजच्या चिपमधील इन्सुलेशनचा थर काही नॅनोमीटर जाडीचा असतो आणि अगदी थोड्या व्होल्टला तो फाटतो. म्हणून आयातदार कंपन्या ज्या मानकाचा आग्रह धरतात त्या ए.एन.एस.आय./ई.एस.डी. एस २०.२० मध्ये माणसाच्या अंगावरचा दाब १०० व्होल्टच्या आत ठेवा असे सांगितले आहे. माणसाला ३,००० व्होल्ट कळत नाहीत आणि मालाला १०० व्होल्ट सोसत नाहीत, ही या धंद्यातील खरी अडचण आहे. त्यातही काही भाग जागीच मरतात. ते तपासणीत सापडतात आणि फेकले जातात. काही मात्र अर्धमेले होतात, तपासणीत पास होतात आणि ग्राहकाकडे गेल्यावर बंद पडतात. कारखानदार फरशीवर एवढा पैसा का घालतो, त्याचे हे कारण.

फरशी काय करते

वाहक फरशीचे काम एकच : पायातून आलेला भार अर्थिंगपर्यंत पोचवणे. किती वेळात पोचवायचा, ते फरशीच्या रोधावर अवलंबून असते. शाळेतला साधा नियम असा की रोध व क्षमता यांचा गुणाकार केला की वेळ मिळतो. तेवढ्या वेळात दाब जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. शरीराची क्षमता १५० पिकोफॅरड धरा. पायापासून अर्थपर्यंतचा रोध १०० कोटी ओहम असेल तर वेळ येतो ०.१५ सेकंद. एक पाऊल उचलून दुसरे टाकेपर्यंत बराचसा भार गेलेला असतो. रोध १० लाख ओहम असेल तर वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. साध्या विनाइलचा किंवा इपॉक्सीचा रोध मात्र १ लाख कोटी ओहम व त्याहूनही जास्त असू शकतो. तेथे १५० सेकंद लागतात. अडीच मिनिटांत माणूस चार टेबले फिरून आलेला असतो. १०० कोटी ओहम ही वरची मर्यादा कोठून आली, ते या हिशेबातून लक्षात येईल.

मग रोध शून्यच का करू नये? तांब्याचा पत्रा अंथरला की झाले! पण कारखान्यात २३० व्होल्टचीही वीज असते. एखाद्या यंत्राचे इन्सुलेशन खराब झाले आणि कामगाराने त्याला हात लावला तर त्याच्या अंगातून पायाखालच्या फरशीवाटे करंट वाहतो. पायाखाली लोखंडी पत्रा असेल तर परिणाम सांगायला नको. पायाखालून अर्थपर्यंत ५०,००० ओहम असतील तर करंट ४.६ मिलिअँपिअर होतो. झटका बसेल, पण माणूस हात सोडवू शकेल. म्हणून जेथे चालू वीज आहे तेथे फरशीला खालचीही मर्यादा घालतात. फरशी जितकी जास्त वाहक तितकी चांगली, असे समजणारा ठेकेदार मालकाचा माल वाचवील आणि कामगाराचा जीव धोक्यात घालील.

या दोन मर्यादांच्या मधल्या पट्ट्याला दोन नावे आहेत. १० लाख ओहमच्या आतली ती 'कंडक्टिव्ह' आणि १० लाख ते १०० कोटी ओहममधली ती 'डिसिपेटिव्ह'. तिसरा शब्द 'अँटिस्टॅटिक' बाजारात सर्रास वापरतात, पण त्याचा नेमका आकडा ठरलेला नाही. कित्येकदा चालताना भार कमी निर्माण होतो एवढाच त्याचा अर्थ असतो. दुकानदाराने अँटिस्टॅटिक म्हणून दिलेली टाइल कंडक्टिव्हच्या ऑर्डरवर लावू नये. ऑर्डरमध्ये शब्दापेक्षा आकडा लिहून घ्यावा. सॉल्व्हंटच्या वाफा असणाऱ्या जागी अर्थपर्यंतचा रोध १० कोटी ओहमच्या वर जाऊ देत नाहीत. स्फोटकांच्या खोल्यांत सर्वसाधारणपणे १० लाखांच्या आतली फरशी मागतात. शिवाय तेथे उघडे लोखंड किंवा खडी चालत नाही, कारण तेथे घर्षणाची ठिणगीही नको असते. ही कामे परवान्याची आहेत. त्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. अनुभवाशिवाय असल्या कामात हात घालू नये.

ही फरशी इलेक्ट्रॉनिक्सच्या आधी दवाखान्यात आली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. भूल देण्यासाठी ईथर व सायक्लोप्रोपेन वापरत. दोन्ही ज्वालाग्राही. ऑपरेशन थिएटरमध्ये स्थिर विजेच्या ठिणगीने स्फोट होऊन रुग्ण दगावल्याच्या घटना परदेशांत घडल्या. त्यानंतर तेथील थिएटरांत वाहक फरशी, वाहक रबराची चाके आणि डॉक्टर-नर्सेसना वाहक पादत्राणे सक्तीची झाली. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा नियमांत या फरशीचा रोध २५,००० ते १० लाख ओहमच्या दरम्यान असावा असे ठरले. वर सांगितलेल्या दोन्ही मर्यादा त्यात स्पष्ट दिसतात. १९५६ मध्ये न पेटणारे हॅलोथेन वापरात आले आणि पुढे ज्वालाग्राही भूल मागे पडली. तरी मॉड्युलर ऑपरेशन थिएटरच्या निविदांत अँटिस्टॅटिक फ्लोअरिंग आजही मागितले जाते. ठेकेदारांनी ही गिऱ्हाइकेही ध्यानात ठेवावीत.

घालण्याची रीत

बाजारात मुख्यतः तीन प्रकार चालतात : विनाइलच्या टाइल्स, ओतून पसरायचे इपॉक्सी आणि रबरी चटया. तिन्हींत वीज वाहून नेणारा पदार्थ बहुधा कार्बनच असतो. टाइलमध्ये कार्बनच्या काळ्या रेघा आरपार गेलेल्या असतात. टाइलवर जे काळे शिंतोडे दिसतात ते शोभेसाठी नाहीत, भार खाली उतरण्याच्या त्या वाटा आहेत. या वाटा टाइलच्या पाठीपर्यंत जातात. पण खाली साधा सरस लावला तर तेथेच वाट बंद. म्हणून कार्बन मिसळलेला काळा वाहक सरसच लागतो. तो महाग आहे आणि कारागिराच्या हाताला सवयीचा नाही, त्यामुळे कमी पडला की उरलेल्या कोपऱ्यात नेहमीचा सरस लावण्याचा मोह होतो. त्या कोपऱ्यातल्या टाइल्स दिसायला बाकीच्यांसारख्याच दिसतील. मीटर मात्र त्यांना बरोबर शोधून काढतो.

सरसाखाली किंवा सरसात तांब्याची पातळ पट्टी घालून ती भिंतीकडे बाहेर काढतात आणि अर्थिंगला जोडतात. पट्ट्यांचे अंतर व जोडांची संख्या प्रत्येक कंपनी आपल्या मालाबरोबरच्या कागदात देते. काही कंपन्या साधारण हजार चौरस फुटांमागे एक जोड सांगतात. तो कागद जपून ठेवावा व त्याप्रमाणेच करावे. खोलीत एकच जोड ठेवू नये, कारण सुताराने किंवा प्लंबरने तो तोडला की सगळी फरशी तरंगती राहते. इलेक्ट्रिशियन कित्येकदा या फरशीसाठी बाहेर वेगळा खड्डा खणून वेगळा अर्थ देतात आणि तो इमारतीच्या मुख्य अर्थला जोडत नाहीत. हे चूक आहे. यंत्राची बॉडी एका अर्थवर, फरशी दुसऱ्यावर, आणि दोन्हींत दाबाचा फरक पडला तर त्यांच्यामध्ये कामगार उभा असतो. फरशी यंत्रांच्याच अर्थला जोडावी. वेगळा खड्डा खणलाच तर त्याला मुख्य अर्थशी जाड तारेने बांधावे.

इपॉक्सीचे थर असे येतात : काँक्रीटवर प्रायमर, त्यावर तांब्याच्या चिकटपट्ट्यांची जाळी, त्यावर काळा वाहक थर, आणि शेवटी कार्बनचे तंतू मिसळलेला वरचा रंगीत थर. यात बिघडते ते वरच्या थरात. जाडी वाढली की रोध वाढतो, आणि माल नीट घोटला नाही तर तंतू एकीकडे गोळा होतात. साध्या इपॉक्सीत थोडा हात जड पडला तर मालक खूशच होतो. येथे तसे नाही. मालाचे वजन आणि चौरस मीटर यांचा हिशेब डबा उघडण्यापूर्वी करावा.

खालच्या काँक्रीटची ओल हा आपल्या हवामानातला मोठा शत्रू आहे. नवे काँक्रीट निदान २८ दिवस मुरू द्यावे. त्यानंतर अठरा इंची चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून जमिनीवर १६ तास ठेवावा. कागदाखाली थेंब दिसले किंवा काँक्रीट गडद झाले तर काम थांबवावे. घाईने घातलेली टाइल पहिल्या पावसाळ्यातच फुगते, आणि फुगलेली टाइल सरसापासून सुटली की तिची वाटही तुटते.

मीटर आणि देखभाल

तपासणी कंपनीने करण्याआधी ठेकेदाराने स्वतः करावी. घरचा साधा मल्टिमीटर येथे कामाचा नाही. त्याचा दाब व पल्ला कमी असतो आणि त्याच्या टोकदार सुया फरशीला नीट टेकतही नाहीत. यासाठीच्या मीटरबरोबर अडीच इंच तळाची, पाच पौंड म्हणजे सव्वादोन किलोहून थोडी जास्त वजनाची दोन इलेक्ट्रोड येतात. १० लाख ओहमच्या आत १० व्होल्टने आणि त्यावर १०० व्होल्टने मोजतात. आपल्याकडे काही जण ५०० व्होल्टचा मेगर लावून पाहतात. जास्त दाबाने रोध कमी दिसतो, आणि मग ठेकेदाराचा आकडा व कंपनीचा आकडा जुळत नाही. दोन मोजण्या कराव्यात : दोन इलेक्ट्रोडमध्ये तीन फूट अंतर ठेवून, आणि एक इलेक्ट्रोड व अर्थ यांच्यामध्ये. पहिली चांगली आणि दुसरी खराब आली तर फरशी ठीक आहे, अर्थचा जोड तुटला आहे असे समजावे. निदान पाच ठिकाणी मोजावे, कोपरे धरून. त्या दिवशीचे तापमान व दमटपणा लिहून ठेवावा. जुलैमध्ये पास झालेली फरशी फेब्रुवारीत नापास झाली तर हा कागदच ठेकेदाराच्या उपयोगी पडेल. मोठ्या कंपन्या प्रयोगशाळेत १२ टक्के दमटपणाला तपासलेल्या मालाचाच दाखला मागतात, तो याच कारणाने.

काम पास झाल्यावर फरशी बिघडवण्याचे काम बहुधा सफाईवाला करतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो, कारण त्याला कोणी सांगितलेलेच नसते. चकाकीसाठी साधे मेणाचे पॉलिश मारले की फरशीवर इन्सुलेशनचा थर बसतो. लाखो रुपयांची फरशी शंभर-दोनशे रुपयांच्या पॉलिशने निकामी होते. सौम्य साबण व स्वच्छ पाणी एवढेच वापरावे. रंगाच्या कारखान्यात सांडलेला रंग व रेझिन वाळून हाच परिणाम होतो. तेथे रोज खरवडून काढणे हाच उपाय. वाटेच्या पिवळ्या पट्ट्या साध्या रंगाने किंवा साध्या चिकटपट्टीने मारल्या तर तेवढा भाग बेटासारखा वेगळा पडतो. ठेकेदाराने देखभालीचा एक मराठी-हिंदी कागद छापून भिंतीवर लावून द्यावा. त्याला खर्च येत नाही.

फरशी कितीही उत्तम असली आणि कामगाराच्या पायात साधी रबरी चप्पल असली तर सगळे व्यर्थ. बूट व फरशी मिळून एक साखळी आहे. अँटिस्टॅटिक सेफ्टी बुटांचा रोध १ लाख ते १०० कोटी ओहमच्या दरम्यान असतो. बूट द्यायचे नसतील तर टाचेला बांधायचे वाहक पट्टे मिळतात. ते दोन्ही पायांना लागतात, कारण चालताना एक पाय नेहमी वर असतो. पट्ट्याची फीत मोज्याच्या आत किंवा मोज्याला लागून बुटात गेली पाहिजे. पुष्कळ जण ती बाहेरच लोंबत ठेवतात. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचे पाय वर उचलले जातात, म्हणून त्याला फरशीवर सोडून चालत नाही. त्याला मनगटी पट्टा लागतोच. त्या पट्ट्याच्या तारेत १० लाख ओहमचा रोध मुद्दाम घातलेला असतो. तो काढून 'डायरेक्ट' जोडणारे मेकॅनिक आम्ही पाहिले आहेत. खालच्या मर्यादेविषयी वर जे लिहिले ते त्यांनी पुन्हा वाचावे. सॉल्व्हंटच्या जागी ड्रम, पंप व भांडी यांना स्वतंत्र अर्थ द्यावाच लागतो. वाहक फरशी आहे म्हणून ती तार सोडून देता येत नाही.

इलेक्ट्रॉनिक मालाची जोडणी आपल्या देशात वाढते आहे. मुंबईचे सीप्झ १९७३ पासून आहे. २०२३ मध्ये मायक्रॉन कंपनीने गुजरातेत साणंदला चिप जोडणी व तपासणीचा कारखाना काढण्याची घोषणा केली. अशा मोठ्या कामांचे मुख्य ठेके मोठ्या कंपन्यांकडेच जातात, पण प्रत्यक्ष टाइल बसवणारे हात पोटठेकेदाराचे असतात. पोटठेकेदाराने करार करताना चार गोष्टी लेखी घ्याव्यात : रोधाचा वरचा व खालचा आकडा, तो कोणत्या पद्धतीने मोजायचा, अर्थचा जोड कोण देणार, आणि तपासणी काम संपल्यापासून किती दिवसांत होणार. वाहक सरस पूर्ण वाळल्याशिवाय आकडा स्थिर होत नाही, म्हणून शेवटच्या मुद्द्यावर मालपुरवठादाराच्या कागदातले दिवस धरावेत. मीटर विकत घेणे परवडत नसेल तर दोघातिघांनी मिळून घ्यावा आणि त्याचे कॅलिब्रेशन दरवर्षी करून घ्यावे. जुन्या दाखल्याच्या मीटरचा आकडा कंपनीचा इंजिनिअर मान्य करणार नाही.